घरात १० मीटर नसले तरी: एअर पिस्तुलाच्या सरावाची सुरुवात

नेमबाजीच्या क्लबात नवीन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘पिस्तूल कुठलं घेऊ?’ आणि दुसरा ‘घरी सराव करता येईल का?’ मी उत्तरं उलट्या क्रमाने देतो. घरी सराव करता येतो, आणि पहिले दोन-तीन महिने तो एकही छर्रा न उडवता करायचा असतो. हे कळलं की पिस्तुलाची घाई आपोआप कमी होते, आणि खिशालाही ते बरं असतं.

अधूनमधून कुणीतरी अमेरिकेतले व्हिडिओ पाहून येतो. तिकडे लोक गॅरेजमध्ये काडतुसं पुन्हा भरतात, तसं इथे करता येईल का, असं विचारतो. नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. तो विषय तिथेच संपतो. एअर पिस्तुलाचं तसं नाही. ४.५ मि.मी. व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५०-१६० मीटर वेगाने सोडतं, म्हणजे साडेपाच-साडेसहा ज्यूल. मर्यादेच्या बरंच आत. तरी खरेदीची पावती आणि ओळखपत्राची प्रत पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. नाक्यावर पोलिसाने पेटी उघडायला सांगितली, तर नियम समजावत बसण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं.

आधी खेळ समजून घ्या

लक्ष्य १० मीटरवर, केंद्र जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर. एका हाताने, कशाचाही आधार न घेता. नेम धरायला साध्या उघड्या साइट्स: नळीच्या टोकाशी एक खुंटी, मागे एक खाच. दुर्बीण, लेझर काही चालत नाही. पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम आणि ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागायला हवा. मनगट मोकळं हवं, मुठीने त्याला टेकू देता कामा नये. ६० शॉट, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ७५ मिनिटांत, त्याआधी तयारीची १५ मिनिटं. प्रत्येक शॉटला जास्तीत जास्त दहा, म्हणजे ६००पैकी गुण.

दहाचं वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं. त्यापुढचं प्रत्येक वर्तुळ १६ मि.मी.ने मोठं, म्हणजे केंद्रापासून बाहेर जाताना दर ८ मि.मी.ला एक गुण कमी. काळा भाग सातच्या वर्तुळापर्यंतचा, ५९.५ मि.मी. हे आकडे पाठ करा असं म्हणत नाही, पण एक हिशोब मात्र डोक्यात पक्का बसायला हवा.

पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंमी अंतर असतं. मागच्या खाचेत पुढची साइट नुसती १ मि.मी. सरकली, तर १० मीटरवर छर्रा ३० मि.मी. सरकतो. दहाचा थेट सात. उलट, दोन्ही साइट्स एका रेषेत आहेत आणि अख्खा हात १ मि.मी. हलला, तर छर्राही १ मि.मी.च हलतो. म्हणून हात थरथरतोय याची चिंता नवशिक्याने करू नये. हात सगळ्यांचेच हलतात, ऑलिंपिकवाल्यांचेही. बिघडतं ते ट्रिगर ओढताना मनगट वळल्यामुळे. ही चूक दुरुस्त करायला ना छर्रा लागतो ना लक्ष्य. घरातली एक पांढरी भिंत पुरते.

पहिला आठवडा: पाण्याची बाटली

स्पर्धेचं पिस्तूल एक किलोच्या आसपास भरतं. तुमच्या घरातल्या एक लिटरच्या बाटलीचंही वजन तेवढंच. दिवसातून एकदा बाटली मानेपाशी धरून हात खांद्याच्या रेषेत सरळ करा, ३० सेकंद धरा, एक मिनिट विश्रांती, असं आठ-दहा वेळा. पहिल्या दिवशी चौथ्या फेरीलाच खांदा बोंब मारेल. मारू द्या. कोपरात किंवा मनगटात टोचल्यासारखं दुखलं, तर मात्र थांबा. पाणी कमी करून अर्ध्या बाटलीपासून सुरू करा.

याच आठवड्यात डोळा ओळखून घ्या. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी त्रिकोणी खिडकी करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीत राहिलं तो तुमचा प्रमुख डोळा. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली तर घाबरू नका, पिस्तुलात मान किंचित वळवून काम भागतं; रायफलवाल्यांची जास्त अडचण होते. दुसरा डोळा मिटून नेम धरू नका, चेहऱ्याचे स्नायू दमतात. चष्म्याला कागदाची पट्टी चिकटवा. स्पर्धेत ती ३० मि.मी.पेक्षा रुंद चालत नाही, तेव्हा सवय तेवढीचीच लावा.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी एक आगाऊ सल्ला. या खेळात नजर पुढच्या साइटवर लागते, लक्ष्यावर नाही. चष्म्याच्या दुकानात गेलात की ‘हाताएवढ्या अंतरावरचं स्पष्ट दिसलं पाहिजे’ असं सांगून सिंगल व्हिजनचा वेगळा चष्मा करून घ्या. प्रोग्रेसिव्ह काचेतून साइट शोधताना मान कोंबडीसारखी वरखाली होते. माझं एक अख्खं वर्ष त्यात गेलं.

पिस्तूल: विकत की क्लबाचं?

सुरुवातीला क्लबाचं. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी ही नावं रेंजवर सारखी कानावर पडतात आणि सगळी उत्तम आहेत. लाखाच्या पुढची आहेत हेही खरं. माझ्या मते तीन महिने क्लबाच्या पिस्तुलावर काढल्याशिवाय नवीन घेऊच नये, कारण तोवर तुमच्या हाताला कोणत्या मापाची मूठ लागते हेच कळत नाही. मुठी लहान-मध्यम-मोठ्या मापांत येतात. दुसऱ्याच्या हाताला बसलेली मूठ तुम्हाला बसेलच असं नाही. पकड घेतल्यावर डोळे मिटून हात वर करा, डोळे उघडा. पुढची साइट खाचेच्या मधोमध आपसूक आली पाहिजे. दरवेळी उजवीकडे किंवा डावीकडे जात असेल, तर मूठ घासायची किंवा भरायची वेळ आली. भरायला लाकडाची पुट्टी किंवा एम-सील चालतं. थोडं थोडं लावा, चार दिवस वापरून पाहा, मगच पुढे. मूठ एका रविवारात ‘परफेक्ट’ करणारे पुढच्या रविवारी नवी मूठ शोधत फिरतात.

जुनं पिस्तूल घेत असाल तर आधी त्याच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. स्पर्धेच्या नियमांनुसार सिलिंडर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत, फार तर दहा वर्षांपर्यंतचा हवा. मुदत संपलेला सिलिंडर फुकट मिळाला तरी महागच. आमच्या ओळखीतल्या एकाने ‘दोन सिलिंडर फ्री’ म्हणून सौदा केला आणि दोन्ही कपाटाची शोभा झाले.

हवा भरताना

सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाखालची हवा असते. गाडीच्या चाकात सव्वादोन-अडीच बार असतात, त्यावरून अंदाज बांधा. दोन मार्ग आहेत: क्लबातल्या मोठ्या टाकीतून भरणं किंवा उच्च दाबाच्या हातपंपाने. हातपंप चालतो, पण शेवटच्या ४०-५० बारला घाम काढतो, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ओलावा आत जायची भीती असते. पंपाला ओलावा शोषणारी गाळणी आहे का, ते पाहून घ्या. थोडं भरा, थांबा, पुन्हा भरा. भराभर भरलं की सिलिंडर तापतो, आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो.

एक गोष्ट अजिबात विसरू नका. फक्त हवा. वेल्डिंगवाल्याकडचा किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीसचा अंश एकत्र आला तर स्फोट होतो. त्याच कारणाने सिलिंडरच्या आट्यांना शिवणयंत्राचं तेल लावण्याचा मोह आवरा. सिलिंडर हाताने घट्ट होईल तेवढाच बसवायचा, पान्याने नाही. आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवून लग्नाला जायचं नाही.

घराची मांडणी

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये सलग १० मीटर सापडणं म्हणजे लॉटरीच. हॉलच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत कधी सात, कधी आठ. काही बिघडत नाही. ५ मीटरवर सगळं निम्मं करायचं: काळा गोल साधारण ३० मि.मी. व्यासाचा छापून घ्या, डोळ्याला तो १० मीटरवरच्या लक्ष्याएवढाच दिसतो. गफलत होते ती उंचीत. लोक तोही १.४० मीटरवरच लावतात आणि मग रेंजवर गेल्यावर हात वर जातो. तुमच्या डोळ्याची उंची आणि १.४० यांची बेरीज करून निम्मे करा. डोळा १.६० मीटरवर असेल तर ५ मीटरवरचं केंद्र १.५० मीटरवर हवं. उजेड लक्ष्यावर भरपूर आणि एकसारखा पडू द्या. स्पर्धेत लक्ष्यावर किमान १५०० लक्स असतो. घरात टेबललॅम्प तिरका लावून काम होतं, फक्त तो तुमच्या डोळ्यांत येता कामा नये.

पहिले दोन महिने या मांडणीत छर्रा नाहीच, म्हणून भिंतीची काळजी नाही. पुढे प्रत्यक्ष शॉट मारायचे तर पोलादी पत्र्याचा तिरक्या पाठीचा पेलेट ट्रॅप, म्हणजे छर्रे अडवणारी पेटी, घ्या. त्याच्यामागे प्लायवूड, आणि प्लायवूडवर जुनी सतरंजी किंवा गालिचा. नुसत्या जाड लाकडावर किंवा सपाट लोखंडावर मारू नका, छर्रा उलटा येतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, नंबर नसला तरी. तुमच्या आणि लक्ष्याच्या मध्ये उघडणारं एकही दार नको. बाथरूमचं दार असेल तर बाहेरून कडी लावा. आधी आत कुणी नाही हे बघून.

छर्रे शिशाचे असतात. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहा-बिस्किटाला हात लावायचा नाही. ट्रॅपभोवतीची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं त्याच कामाला ठेवा. घरात लहान मूल असेल तर स्वयंपाकघराच्या बाजूला ट्रॅप लावूच नका.

आणि शेजारी. पिस्तूल हातात घेऊन गॅलरीत उभं राहणं हा या छंदातला सगळ्यात मोठा मूर्खपणा. समोरच्या बिल्डिंगला ते एअर पिस्तूल आहे की आणखी काही, हे कसं कळणार? पडदे ओढा, खालच्या मजल्यावरच्यांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला आधीच सांगून ठेवा. पिस्तूल कुलपात, छर्रे दुसऱ्या कपाटात. नळीत रंगीत सुरक्षा दोरी. ती फक्त उभं राहून हात वर करायच्या क्षणी काढायची. पिस्तूल रिकामं असलं तरी नळी माणसाकडे वळत नाही, हा नियम घरच्यांनाही शिकवा, म्हणजे तुम्ही चुकलात की ते ओरडतील.

कोरडा सराव

याला रेंजवर सगळे ‘ड्राय’ म्हणतात. पिस्तुलातला सरावाचा खटका लावला की हवा न सुटता ट्रिगर खऱ्यासारखा चालतो. सराव सुरू करताना प्रत्येक वेळी नळी आणि लोडिंगची जागा उघडून रिकामी असल्याची खात्री करा, मग खटका लावा. छर्र्यांचा डबा त्या खोलीत नसलेलाच बरा.

लक्ष्य लावू नका. कोऱ्या भिंतीसमोर उभे राहा. पाय खांद्याएवढे, वजन दोन्हीवर सारखं, मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात. हात भिंतीवर थोडा वर न्या, श्वास सोडत हळूहळू खाली आणा, अर्धा श्वास आत राहू द्या. नजर पुढच्या साइटच्या वरच्या कडेवर. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर, दाब सरळ मागे. ‘टक’ झालं तेव्हा साइट हलली का? हेच, फक्त हेच पाहायचं. हलली असेल तर कुठे गेली ते मोठ्याने म्हणा: ‘डावीकडे खाली’. उजव्या हाताच्या नवशिक्याची साइट बहुतेक वेळा डावीकडे खालीच जाते, कारण बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते.

टक झाल्यावर हात लगेच खाली सोडू नका. दोन सेकंद तसेच राहा, साइट जागच्या जागी येते का बघा. याला फॉलो थ्रू म्हणतात आणि तो न करणाऱ्याचे गुण ५४०च्या आसपास वर्षानुवर्षं अडकलेले मी पाहिलेत.

वेळेचं बंधन घाला. हात स्थिरावल्यापासून पाच ते आठ सेकंदांत शॉट जायला हवा. दहा सेकंद झाले की हात खाली. ‘आता होईलच’ म्हणून धरून ठेवलेला शॉट क्वचितच चांगला जातो. हात खाली घेण्याची सवय पहिल्या महिन्यात लागली नाही, तर पुढे स्पर्धेत ती लावणं महाकठीण.

दिवसाला ४०-५० ड्राय शॉट पुरेत, अर्ध्या तासात होतात. आठवड्यातून पाच दिवस. एका वहीत तारीख, किती शॉट, किती स्वच्छ, म्हणजे साइट न हलता, गेले आणि त्या दिवशी काय जाणवलं याची एक ओळ लिहा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भिंतीवर छोटा काळा गोल लावा. नेम गोलाच्या मध्यावर नाही, त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात धरायचा. साइट आणि काळा यांच्यात पांढरी फट दिसली पाहिजे. गोल लावला की तुमची नजर पुढच्या साइटवरून पळून गोलाकडे जाईल. अगदी नक्की जाईल. तेव्हा पुन्हा दोन दिवस कोरी भिंत.

छर्रा भरायची वेळ

दोन महिने झाले, वहीत पन्नासातले चाळीस शॉट स्वच्छ लिहिले जाताहेत, तर आता रेंजवर चला. पहिले खरे शॉट घरी नकोत, प्रशिक्षकाच्या डोळ्यासमोर हवेत.

पिस्तुलासाठी हलके छर्रे, साधारण ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचे, सपाट तोंडाचे. एका डब्यात ५००. डोक्याचा व्यास ४.४८, ४.४९, ४.५० मि.मी. असा छापलेला असतो. कुठला चांगला, हे तुमच्या नळीला विचारावं लागतं: पिस्तूल क्लॅम्पमध्ये धरून प्रत्येकाचे दहा-दहा शॉट मारायचे आणि सर्वांत घट्ट ग्रुप देणारा, म्हणजे भोकं सर्वांत जवळ पाडणारा, घ्यायचा. पण प्रामाणिकपणे सांगतो, ५५० गुण होईपर्यंत या फरकाचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. कुठलाही नामांकित मॅच छर्रा घ्या. भरताना मागची कड दुमडलेली असेल तर तो बाजूला टाका. बोटाने सरळ आत बसवा, तिरका ढकलू नका.

पहिल्या दिवशी लक्ष्याचा कागद उलटा लावा, पांढरी बाजू समोर. दहा शॉट मारा. गुण मोजू नका, भोकं किती जवळ आहेत ते पाहा. ग्रुप एका बाजूला असेल पण घट्ट असेल तर तुम्ही बरोबर आहात आणि साइट चुकीची आहे. मागची साइट ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला शॉट जातो. स्क्रूवरच्या अक्षरांचा अर्थ प्रत्येक कंपनीत सारखा नसतो, म्हणून पाच क्लिक फिरवा, तीन शॉट मारा, काय झालं ते वहीत लिहा. एका शॉटवरून साइट कधीच फिरवू नका.

इथून पुढे घरात चार दिवस ड्राय आणि रेंजवर एक-दोन दिवस छर्रे, असं प्रमाण ठेवा. कोल्हापुरात दुधाळीची रेंज आहे, पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी. जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी १० मीटर रेंजही आता दिसतात. कोल्हापुराने राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि पॅरिसचं कांस्य आणणारा स्वप्निल कुसाळे दिला. तेजस्विनी आणि स्वप्निल रायफलचे, राही २५ मीटर पिस्तुलाची. पण तिथे प्रशिक्षक शोधताना ‘किती मेडल’ विचारण्याऐवजी ‘नवशिक्याला किती दिवस ड्राय करायला लावता?’ असं विचारा.

स्पर्धेचा रस्ता जिल्हा, राज्य आणि मग जी. व्ही. मावळंकर स्पर्धा असा जातो. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी १९५१मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन केली, त्यांच्या नावाची ही राष्ट्रीय स्पर्धेआधीची पायरी. त्यासाठी संघटनेचं नेमबाज ओळखपत्र लागतं, तेव्हा क्लबाचं सभासदत्व घेतानाच त्याची चौकशी करून ठेवा. जाण्याआधी घरात एकदा पूर्ण मॅच ड्राय करून पाहा: ७५ मिनिटांचा गजर, ६० शॉट, मध्ये मोबाइल नाही, दारावरची बेल वाजली तरी उघडायची नाही. चाळिसाव्या शॉटला पायात गोळे येतील आणि आपण बाटली उचलायचं कधी सोडलं होतं ते आठवेल.